पहिली जुनी जीप: कागदापासून टोचनापर्यंत

जुनी जीप घेणाऱ्या नवख्या माणसाचे पैसे बहुतेक वेळा एकाच ठिकाणी बुडतात: ताज्या रंगात. चकचकीत मिलिटरी हिरवा, रुंद टायर, पुढे लायटांची पट्टी, आणि खाली चार ठिकाणी वेल्डिंग मारून उभी केलेली चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. म्हणून पुढे जो क्रम दिलाय तो मोडू नका, एवढा माझा आग्रह आहे. आधी कागद, मग चासी, मग ब्रेक आणि स्टिअरिंग, मग इंजिन, आणि रंग-टायर-लायटा सगळ्यात शेवटी. कुरूप पण पूर्ण आणि चालती गाडी ही देखण्या पण अर्धवट गाडीपेक्षा केव्हाही चांगली.

कोणती घ्यायची

आपल्याकडे जीप म्हणजे मुख्यतः महिंद्रा. विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला त्यांची जोडणी करायची, असं हे काम स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत सुरू झालं, आणि पुढे तीच गाडी परवान्यावर इथेच बनू लागली. बीडीओ साहेबांच्या दारात, साखर कारखान्याच्या शेती खात्यात, वनखात्यात, प्रचारात, सगळीकडे तीच. नंतर वडापला तिच्याच लांब भावंडांनी वर्षानुवर्षं माणसं वाहिली. त्यामुळे आजही तालुक्याच्या गावी जीप पूर्ण उघडून परत जोडणारा मिस्त्री सापडतो. हा छंद साध्या नोकरदार माणसाला परवडतो तो त्या मिस्त्रीमुळे.

जुन्या गाड्यांत तुम्हाला दोन शब्द सारखे ऐकू येतील: लो बोनेट आणि हाय बोनेट. दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी, तिचीच फोर्डने बनवलेली बहीण जीपीडब्ल्यू, आणि युद्धानंतरच्या सीजे २ए, सीजे ३ए या लो बोनेट. यांचं २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन ठेंगणं आहे, कारण व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्येच असतात. सीजे ३बी मध्ये इनटेकचे व्हॉल्व्ह डोक्यावर गेले, इंजिन उंच झालं आणि ते झाकायला बोनेटही वर उचलावं लागलं. ती हाय बोनेट. अमेरिकेत ती १९५३ ते १९६८ पर्यंत बनली, आपल्याकडे तिचा संसार त्याच्या पुढेही बराच चालला.

मग डिझेलचा जमाना. एमएम ५४० मध्ये २११२ सीसीचं प्युजोचं इंजिन आणि ९१ इंचांचा व्हीलबेस. अनेक एमएम ५५० मध्ये महिंद्राचं २५२३ सीसीचं एमडीआय. एमडीआय आवाज जास्त करतं, थरथरतं, पण त्याचे पार्ट कुठेही मिळतात आणि ते बरंच काही सोसतं. महिंद्राचीच मेजर दिसायला अगदी तशीच, पण बहुतेक मेजर टू-व्हील ड्राइव्ह आहेत. खाली वाकून पुढच्या एक्सलला डिफचा (डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणारे गिअर) गोळा आहे का ते आधी बघा, मग किमतीचं बोला.

मारुतीची जिप्सी वेगळ्या घराण्यातली. डिसेंबर १९८५ मध्ये ९७० सीसीच्या इंजिनासह आली, १९९६ मध्ये १२९८ सीसीची किंग झाली, २००० मध्ये तिला एमपीएफआय इंजिन मिळालं. वजन हजार किलोच्या आसपास, त्यामुळे चिखलात जिथे जड गाड्या बसतात तिथून ती निघून जाते. पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) मात्र कडक. मागे बसणाऱ्यांना त्रास होतो. जोंगाही दिसेल, लष्करासाठी जबलपूरच्या कारखान्यात बनलेली, मूळची निसानची ‘पॅट्रोल’ ही गाडी. गाडी भव्य आहे, पण चार लिटरच्या आसपासचं पेट्रोल इंजिन पोसणं आणि पार्ट शोधणं हे पहिल्या गाडीचं काम नाही.

पहिली गाडी म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गावाकडे घर असेल, स्वतः हात काळे करायची तयारी असेल तर एमएम ५४० किंवा ५५०. शहरात राहून महिन्यातून एखाद-दोन वेळा बाहेर पडायचं असेल तर जिप्सी. लो बोनेट ही दुसरी गाडी म्हणून घ्यावी, पहिलीवर हात बसल्यावर.

कागद: इथे घाई नाही

आरसी मागा आणि ती घेऊनच गाडीखाली जा. चासी नंबरावरचा मळ रॉकेलच्या फडक्याने पुसा, वर कागद धरून पेन्सिल घासा आणि प्रिंट घ्या. आकडे एकाच ओळीत, एकाच खोलीचे असायला हवेत. नंबराच्या भोवती वेल्डिंगची रेघ असेल, किंवा बाकी चासी गंजकी आणि तेवढ्याच पट्टीवर जाड रंग असेल, तर नमस्कार करून परत या. एका मेलेल्या जीपचे कागद दुसऱ्या जीपला लावलेल्या गाड्या बाजारात आहेत. कितीही स्वस्त असली तरी अशी गाडी कधीच तुमची होत नाही.

मग इंजिन नंबर आणि इंधन. कित्येक पेट्रोल जीपना गावोगावी डिझेल इंजिनं बसवली गेली. आरसीवर पेट्रोल लिहिलंय आणि बोनेटखाली डिझेल धडधडतंय, असं दिसलं तर तो बदल आरटीओत नोंदवलेला हवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ याबद्दलच आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे फेरफार चालणार नाहीत. भाग जुना झाला म्हणून त्याच प्रकारचा नवा बसवणं वेगळं आणि गाडीचा सांगाडाच बदलणं वेगळं. पंजाब-हरियाणाकडून, मंडी डबवालीसारख्या ठिकाणांहून येणाऱ्या तयार जीप दिसायला भारी असतात. त्यांचे कागद मात्र आणखी बारकाईने बघा.

खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्यासोबत आपल्या राज्यात पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती आणखी वाढली, तेव्हा व्यवहार ठरवताना हा खर्च धरूनच बोला. मुदत संपलेली असेल तर नूतनीकरण विकणाऱ्याने करून द्यावं आणि मगच पैसे, असं मी सुचवेन. गाडी तपासणीत पास होते का ते त्यातच कळतं.

गाडी परराज्यातली असेल तर एनओसी लागते. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या जीप इकडे स्वस्तात येतात. तिचं रजिस्ट्रेशन तिकडे रद्द झालेलं नाही ना, हे परिवहनच्या पोर्टलवर नंबर टाकून तपासा. मूळ मालकाच्या सह्या असलेले कोरे टीटी फॉर्म (मालकी बदलाचे अर्ज) दाखवून तिसराच माणूस गाडी विकत असेल तर मूळ मालकाला भेटल्याशिवाय पुढे जाऊ नका. मालक वारले असतील तर वारसांची कागदपत्रं आधी होऊ द्या. पिवळ्या नंबरची गाडी असेल तर खाजगीत बदलून घेणं हे वेगळं काम आहे, ते कोण करणार हे लिहून ठरवा.

५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण मग ती गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. दर रविवारी फिरायचं असेल तर हा मार्ग तुमचा नाही.

बघायला जाताना

सकाळी जा, आणि फोनवर आधीच सांगा, ‘दादा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ पोचल्यावर पहिला हात रेडिएटरवर. गरम लागला तर चहा घ्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या. जुनं डिझेल थंड असताना कसं उठतं यातच त्याची निम्मी तब्येत कळते.

सोबत एक पोतं, टॉर्च, लोहचुंबक आणि छोटी हातोडी न्या. पोतं अंथरून खाली सरका. चासीच्या दोन्ही पट्ट्यांवर पुढून मागे हातोडीचे हलके ठोके मारत या. चांगल्या पत्र्यातून खणखणीत आवाज येतो. जिथे आवाज अचानक भद्द होतो तिथे थांबा, नखाने खरवडा. रंगाखालून तपकिरी पापुद्रे सुटू लागले तर आतून पत्रा खाल्लेला आहे. सगळ्यात जास्त बघायच्या जागा म्हणजे मागची आडवी पट्टी, पाट्यांचे शॅकल जिथे चासीला धरतात त्या जागा, बॅटरीखालचा भाग आणि टप (जीपची पत्र्याची बॉडी) जिथे चासीवर टेकतो ते कोपरे. मालवण-रत्नागिरीकडे आयुष्य काढलेल्या गाडीत हे सगळं दुप्पट बारकाईने करा. सोलापूर-अहिल्यानगरकडची कोरड्या हवेतली गाडी याबाबतीत नशीबवान असते.

टपाच्या पत्र्याला मी तितकं महत्त्व देत नाही. जीपचा पत्रा सपाट आहे, चांगला पत्रेवाला तो नवा बनवून देतो. लोहचुंबक फिरवून लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) किती भरलीय ते बघा आणि भाव करताना वापरा, एवढंच.

इंजिन चालू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून फुकफुक धूर येत असेल तर पिस्टन-रिंगा थकल्यात. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पंप-नोझलचं काम असू शकतं, नुसता एअर फिल्टर चोंदलेलाही असू शकतो. पांढरा धूर गार सकाळी थोडा वेळ चालतो, इंजिन गरम झाल्यावरही राहिला तर रेडिएटरच्या पाण्याकडे बघा. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट.

चालवताना तीन गोष्टी. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये टाकून रेसवरून पाय काढा, गिअर आपोआप न्यूट्रलला सुटतो का? मोकळ्या जागी ब्रेक मारा, गाडी सरळ थांबते की एका बाजूला ओढते? आणि मातीच्या रस्त्यावर फोर-व्हील, मग लो गिअर (कमी वेग, जास्त ताकद) टाकून बघा. कित्येक गाड्यांत लिव्हर जागेवर असतो आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट (एक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) काढून कधीच भंगारात गेलेला असतो.

शेवटी पुढचं चाक जॅकवर घ्या, वर आणि खाली हात धरून हलवा. खटखट जाणवली तर बेअरिंग किंवा किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं तो खिळा). हे काम मोठं नाही, पण भाव कमी करून घ्यायला पुरेसं आहे. ठरवलेल्या एकूण पैशांपैकी निदान तिसरा हिस्सा गाडी घेतल्यानंतरच्या कामासाठी बाजूला राहिलाच पाहिजे. सगळे पैसे किमतीत घालवले तर गाडी अंगणात उभीच राहते.

घरी आणल्यावर पहिला महिना

लांबच्या वाटेला लगेच निघू नका. पहिलं काम ब्रेक. चारही ड्रम उघडा, व्हील सिलिंडरची रबरं, होज, मास्टर सिलिंडर सगळं नवं करा आणि ब्रेक ऑइल पूर्ण बदला. बऱ्याच जुन्या जीपमध्ये ब्रेकची एकच लाइन असते. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. दोनशे-तीनशे रुपयांच्या रबरासाठी घाटात जीव टांगू नये.

हँडब्रेकचीही गंमत नीट समजून घ्या. विलीज घराण्याच्या जुन्या गाड्यांत तो चाकांना नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. त्यामुळे मागचं एक चाक जॅकवर उचललं की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते, कारण डिफ ते उचललेलं चाक मोकळं फिरू देतो. चाकाला ओट (दगड किंवा लाकडी ठोकळा) लावल्याशिवाय जॅक लावायचा नाही, आणि घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय गाडीखाली जायचं नाही. हे दोन नियम ज्या घरात जीप आहे त्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवेत.

दुसरं स्टिअरिंग. टाय रॉडचे बॉल जॉइंट, ड्रॅग लिंक, किंगपिनची बेअरिंगं, पाट्यांचे बुश. साठच्या आसपास वेगात खड्डा लागल्यावर पुढची चाकं थरथरू लागली की लोक लगेच स्टिअरिंग बॉक्स बदलतात. बहुतेक वेळा दोष या सांध्यांत, नाहीतर चाकांच्या बॅलन्सिंगमध्ये असतो.

तिसरं सगळी ऑइलं: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा डिफ, मागचा डिफ. आधी भरायचा बोल्ट सुटतो का बघा, मगच खालचा सोडायचा बोल्ट उघडा. खालचा उघडून ऑइल सांडलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवर अडकते. डिफमध्ये जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल चालतं, पण पितळी सिंक्रो रिंग असलेल्या गिअरबॉक्समध्ये ते टाकू नका. त्यातली गंधकाची रसायनं पितळ खातात. तिथे जीएल-४. दुकानदार ‘सगळं एकच असतं’ म्हणाला तरी डब्यावर वाचून घ्या.

मग ग्रीसिंग, आणि हे स्वतः करा. निपल (ग्रीस भरायचं सांध्यावरचं तोंड) आधी फडक्याने स्वच्छ पुसा, नाहीतर वरची वाळू ग्रीसबरोबर आत जाते. गन लावून दाबत राहा. आधी काळं, कडक, वाळूमिश्रित ग्रीस सांध्यातून बाहेर येईल, मग पाणी मिसळलेलं राखाडी, आणि मग तुम्ही आत्ता भरलेल्या ताज्या रंगाचं. ताजं दिसलं की थांबा, पुसून घ्या, पुढच्या निपलवर जा. एखाद्या निपलमधून काहीच आत जात नसेल तर तो काढून डिझेलमध्ये टाका, तारेने मोकळा करा, नाहीतर नवा बसवा. अशी एक फेरी झाली की गाडीचा प्रत्येक हलणारा सांधा तुमच्या ओळखीचा होतो, आणि पुढे कुठे नवा आवाज आला की तो कुठून येतोय हे तुम्हाला अंदाजाने सांगता येतं.

रेडिएटर काढून टाक्या उघडून आतून सळ्या मारून साफ करून घ्या. थर्मोस्टॅट ‘काढून टाकला की गाडी गरम होत नाही’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. इंजिन हव्या त्या तापमानावरच येत नाही, डिझेल जास्त पितं आणि झिजतंही लवकर. डिझेलची टाकी उतरवून धुवा, फिल्टर बदला, आणि लाइनीतली हवा काढायला शिका: ब्लीडिंगचा स्क्रू सैल करायचा, हँड पंप मारत राहायचं, फेस थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. आडरानात डिझेल संपलं तर हेच कामाला येतं.

वायरिंगमध्ये सगळ्यात आधी अर्थिंग बघा. इंजिन ते चासी आणि बॅटरी ते चासी या दोन जाड पट्ट्या खरवडून स्वच्छ केल्या की सेल्फ, लायटा, हॉर्न यांच्या निम्म्या तक्रारी मिटतात.

टायर आता. मूळ ६.००-१६ चे अरुंद टायर लोकांना कमकुवत वाटतात, पण साठ-सत्तर अश्वशक्तीच्या गाडीला तेच शोभतात. चिखलात अरुंद टायर खाली उतरून कडक जमीन शोधतो, स्टिअरिंग हलकं राहतं. फार मोठे टायर लावले की हब, एक्सल, ब्रेक, स्टिअरिंग सगळ्यांवर ताण येतो आणि गाडी पहिल्याच चढावर दम टाकते. पुढच्या जाड लोखंडी बंपर गार्डला तर डिसेंबर २०१७ पासून केंद्राची मनाईच आहे.

मिस्त्री आणि पार्ट

मिस्त्री एकच धरा. दर वेळी स्वस्तातला नवा शोधत फिरलात तर तुमची गाडी कुणालाच पूर्ण कळत नाही. जीपचे चांगले मिस्त्री बहुतेक वयस्कर आहेत, त्यांना काका नाहीतर उस्ताद म्हणा, आणि काम चालू असताना शक्यतो तिथे थांबा. प्रश्न विचारा, पण हातातला पाना सोडायला लावून नव्हे. मजुरीत घासाघीस करू नका. तीस-चाळीस वर्षं एकच इंजिन उघडलेला माणूस नुसत्या आवाजावरून बेअरिंग सांगतो, त्याची ती किंमत असते. त्यांच्या हाताखाली शिकणारी मुलं कमी होत चालली आहेत, म्हणून जेवढं शिकता येईल तेवढं शिकून घ्या आणि वहीत लिहून ठेवा.

काही उघडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. नटबोल्ट वेगवेगळ्या डब्यांत, वर चिठ्ठी. पार्ट आणायला जाताना जुना पार्ट सोबत न्याच; एकाच मॉडेलमध्ये मधल्या मधे गिअरबॉक्स, डिफचे दात, ब्रेकची मापं बदललेली असतात आणि नुसतं ‘एमएम ५४० चं द्या’ म्हणून भागत नाही. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसची दुकानं आणि जुन्यासाठी कुर्ल्याचा भंगार बाजार. नवा नकली पार्ट आणि जुना अस्सल पार्ट यांतून निवडायचं असेल तर लोखंडी भागांत मी जुना अस्सल घेईन, मिस्त्रीने हातात घेऊन बरा म्हटल्यावर. रबराच्या वस्तू मात्र नव्याच. आणि तुमच्या गाडीतून निघालेला मूळ डायनमो, मूळ कार्ब्युरेटर, मूळ मीटर भंगारात देऊ नका. आज नाही तर पाच वर्षांनी कुणीतरी तेच शोधत येईल.

फोर बाय फोर कधी, कसा

या जुन्या गाड्यांत मधला डिफ नसतो. फोर-व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात, तो फरक मातीत चाक घसरून निघून जातो. डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठतो. म्हणून कोरड्या डांबरावर फोर-व्हील कधीच नाही. चुकून पीळ बसला आणि लिव्हर निघेना, तर ओढाताण करू नका. चार-पाच फूट रिव्हर्स घ्या, तो सुटतो.

अडथळ्याआधी लो टाका, मध्यात अडकल्यावर नव्हे. उतरताना लोचा पहिला गिअर, क्लचवरून पाय काढलेला. इंजिनच गाडी धरून ठेवतं. दगडांतून जाताना अंगठे स्टिअरिंगच्या रिंगवर बाहेर ठेवा, आत गुंतवू नका. चाकाला दगड लागला की स्टिअरिंग झटक्याने फिरतं आणि अंगठा मोडतो. चढावर इंजिन बंद पडलं तर ब्रेक धरा, रिव्हर्स गिअर टाका, मग क्लच सोडून गिअरमध्येच सेल्फ मारा आणि सरळ मागे या. चढावर गाडी आडवी वळवायचा मोह झाला की जीप उलटते.

पाण्यात उतरण्याआधी कुणीतरी काठी घेऊन चालत जाऊन बघायचं. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर परत फिरायचं, यात चर्चा नाही. बाहेर आल्यावर थोडं अंतर ब्रेक हलका दाबून चालवा, ड्रम सुकतात.

माणसांत

एकट्या जीपने चिखलात जाऊ नये, निदान दोन गाड्या हव्यात. त्यामुळे ग्रुप लागतोच. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, गोवा, सगळीकडे जीपवाले आहेत आणि बहुतेक जण रविवारी सकाळी मिसळीच्या निमित्ताने भेटतात. पहिल्या दोन-तीन भेटींना गाडी नसली तरी जा. कुणाच्या शेजारी बसून एखादी वाट करा. गाडी घेण्याआधी त्यातल्याच एका अनुभवी माणसाला सोबत न्या. जीपवाल्यांना दुसऱ्यासाठी गाडी बघायला जायला मनापासून आवडतं.

रांगेत चालताना प्रत्येकाने आरशात मागच्या गाडीवर लक्ष ठेवायचं. फाट्यावर वळण्याआधी मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचं. अडथळ्यावर एका वेळी एकच गाडी, आणि खुणा करणारा माणूसही एकच. चौघे चार दिशांना हात करू लागले की नवा चालक घाबरतो. जमणार नाही असं वाटलं तर ‘मी वळसा घालून येतो’ म्हणायला लाजू नका, आणि दुसरा तसं म्हणाला तर त्याला भरीस घालू नका.

टोचन, म्हणजे अडकलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून काढणं, ही या सगळ्यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट. पट्टा किंवा दोर चासीला बसवलेल्या हुकालाच लावायचा, बंपरला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला कधीच नाही. तो तुटून आला तर काच फोडून आत येतो. दोरावर मध्यात ओली घोंगडी किंवा जुनं जाकीट टाका, तुटला तरी उसळी कमी होते. दोराच्या रेषेत आणि त्याच्या लांबीच्या टप्प्यात कुणीही उभं राहायचं नाही. पोरांना आणि व्हिडिओ काढणाऱ्यांना आधी लांब पाठवा. ओढण्याआधी फावड्याने चाकांपुढची माती काढा. दहा मिनिटं खोदलं की बहुतेक गाड्या हलक्या झटक्यात निघतात.

आणि जागा. भाताची खाचरं, बांध, गवताची राखलेली कुरणं यांत मालकाला विचारल्याशिवाय चाक घालायचं नाही. बांध मोडला तर तिथेच उतरून नीट करून द्यायचा. कासच्या पठारावर आणि गडांवर जीप नको. कोकणातल्या सड्यांवर (कातळाच्या सपाट माळांवर) तर फारच जपा: रत्नागिरी-राजापूर भागात कातळशिल्पं जमिनीतच कोरलेली आहेत, उन्हात ती दिसतही नाहीत आणि टायरखाली ती झिजतात. समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालू नका. गोव्यात त्याला बंदी आहे, आपल्याकडे हर्णै-दापोली-अलिबागकडे दर मोसमात गाड्या वाळूत रुतून भरतीत जातात आणि गुन्हेही दाखल होतात. शिवाय खारं पाणी एकदा चासीच्या आत गेलं की वर्षभरात त्याचे परिणाम दिसतात. रानात जायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी.

परत आल्यावर, त्याच दिवशी शक्य नसेल तर दुसऱ्या सकाळी, खालून पाण्याचा जोर मारून चिखल काढा. चासीच्या आतल्या आणि ब्रेक ड्रममधल्या चिखलाकडे विशेष लक्ष द्या. पाण्यात उतरला असाल तर दोन्ही डिफचं थोडं ऑइल काढून बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला आणि एक्सलचे ब्रीदर (हवा जायची भोकं) मोकळे आहेत का ते तपासा. सगळे निपल पुन्हा ग्रीस करा, पाट्यांचे यू बोल्ट आवळा, आणि ज्याने तुम्हाला ओढून काढलं त्याचा पट्टा धुऊन, वाळवून परत द्या.